स्वल्प म्हणजे किती?

जयनगरच्या भाड्याच्या घरात एका सकाळी मी मुलीला पाळण्यातून घ्यायला वाकले... आणि तशीच राहिले. कंबरेत अशी कळ आली की सरळही होता येईना आणि खालीही बसता येईना.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून बेंगळुरात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. नवरा सकाळीच कंपनीच्या बसने इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचा, तो एकदम संध्याकाळी उगवायचा. आणि मुलगी अजून चालतही नव्हती, सतत कडेवर हवी असायची.

मग सल्ले सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, पडून राहा. आईने एसटीडीवरून सांगितलं, गादी काढ आणि फळीवर झोप. नवऱ्याच्या साहेबांनी पट्टा सुचवला. मी आळीपाळीने सगळ्यांचं ऐकलं... कंबर मात्र कोणाचंच ऐकेना.

शेवटी जे. पी. नगरला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी कंबर तपासली आणि व्यायाम दिला पोटाचा! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे आणि बेंबीखालचं पोट आत घ्यायचं. म्हणे पोटातले आतले स्नायूच कंबरेला सांभाळतात.

बाई कन्नड-इंग्रजी मिसळून बोलायच्या. दर वेळी म्हणायच्या, "टमी स्वल्प इन माडी."

'माडी' म्हणजे 'करा', एवढं कळलं होतं. आणि 'स्वल्प'ही मला येत होता, असं मला वाटत होतं. बसमध्ये 'स्वल्प सरी' म्हटलं की लोक सरकायचे. दुकानदार 'स्वल्प वेट माडी' म्हणायचा आणि तासभर ताटकळत ठेवायचा. म्हणजे याचा अर्थ 'थोडं' तर नक्कीच नव्हता... मी ठरवून टाकलं, स्वल्प म्हणजे प्लीज.

एवढं प्लीज म्हणतायत तर का कमी करा? मी जीव खाऊन पोट आत ओढायची. श्वास कोंडून, दात आवळून. कंबर आणखीच दुखायला लागली आणि मला काही म्हणजे काही कळेना.

या सगळ्यात मुलीला सांभाळायच्या शेजारच्या इंदूअक्का. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपासून बेंगळुरातलं, घरी मराठी पण निम्मी कन्नड. माणूस लाख मोलाचं. पण हळूहळू मुलगी रडली की हात पसरायची ते त्यांच्याकडे... मी समोर असताना. फार लागायचं मला ते. पोरगी आपल्याला विसरणार, याच भीतीने मी आणखी जोरात पोट ओढायची.

एक दिवस अक्का तिला घेऊन आल्या तेव्हा मी चटईवर लालबुंद होऊन पडले होते. हे काय चाललंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बाई म्हणतात पोट प्लीज आत घ्या... स्वल्प, स्वल्प करत असतात.

अक्का हसत हसत खालीच बसल्या. मग दोन बोटांत चिमूट धरून दाखवली.

"स्वल्प म्हंजे जरासं गं. एवढंच."

शाळेत पानं भरभरून स्वल्पविराम दिले होते... आणि त्याच शब्दाचा अर्थ इथे मीच खोडून टाकला होता.

मग जरासं करून पाहिलं. इतकं जरासं की काही होतंय का नाही तेच समजेना. श्वास चालू, अक्कांशी गप्पाही चालू. याला व्यायाम म्हणायचं? पुढच्या खेपेला बाईंनी पोटावर बोटं टेकवून पाहिलं आणि म्हणाल्या, हेच हवं होतं. मी आणखीच गोंधळले.

पण कंबर निवत गेली. अशाच एका दुपारी मुलगी चटईवरून अक्कांकडे हात पसरून रडायला लागली. अक्का जागच्या हलल्या नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बसल्या.

"तूच घे," म्हणाल्या. "स्वल्प."

मी गुडघे वाकवले, पोट जरासं आत, श्वास सोडला... आणि उचललं. ती कडेवर बसली, माझं मंगळसूत्र तोंडात घातलं आणि रडायची थांबली. माझं रडू मात्र थांबेना.

कंबर व्यायामाने बरी झाली की नुसता काळ गेला म्हणून, मला आजही सांगता येणार नाही. पण अक्का त्या दुपारी मुद्दाम हलल्या नाहीत, हे समजायला मला बरीच वर्षं लागली. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले... ते आज मानते. स्वल्प नाही, भरपूर.