तळाचे अठरा स्क्रू

चर्चचे बाक, वेदी, क्रूस आणि एकशे बारा शवपेट्या मी या हातांनी केल्या, कोणाकडे न शिकता. प्रत्येक पेटीच्या तळाला अठरा स्क्रू असतात.

आज वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यावर कल्याणचा एक शवपेट्यांचा व्यापारी मोठी ऑर्डर घेऊन आलेला. "काका, नुसते खिळे मारा. मातीत गेल्यावर कोण बघतंय?"

पुढच्या आठवड्यात बायकोचं हृदयाचं ऑपरेशन आहे आणि पैसे जमलेले नाहीत. तिला फोन करून व्यापाऱ्याचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "प्रार्थना करा. पण स्वतःच्या हट्टाला देवाची इच्छा म्हणू नका."

गुडघे टेकले. आईची पेटी आठवली. ती माझी पहिली, खिळ्यांची. कबरीत उतरवताना तिचा तळ सुटला होता.

तुम्ही काय केलं असतं? ऑपरेशन मी प्रभूवर सोपवलं आणि व्यापाऱ्याला नाही म्हणालो. त्याची ऑर्डर होती महिन्याला वीस पेट्यांची, आगाऊ चार लाख.