त्सोन्का आणि मरायला टेकलेली अकरा झाडं

त्सोन्कानं एकतीस वर्षं बंदरावर क्रेन चालवली. डॅन्यूबच्या पाण्यावर उंच टांगलेल्या काचेच्या खोलीत बसून तिनं गहू उतरवला, कोळसा उतरवला, लोखंडी पत्र्यांच्या चळती उतरवल्या, आणि एकाही मालाला ओरखडा पडू दिला नाही. घरात मात्र तिच्या हातून पुदिन्याची काडीसुद्धा कधी जगली नव्हती. हे मी खात्रीनं सांगते, कारण मी चौथ्या मजल्यावर तिच्या अगदी समोरच्या दारात राहते आणि दिवसभर घरीच शिवणयंत्रावर असते. आमच्या जिन्यात काय चाललंय ते मला बघायला जावं लागत नाही, बसल्या जागी ऐकू येतं.

नोव्हेंबरात ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी कपाटाची किल्ली द्यायला जुन्या कचेरीत गेली, तर तिथे आवराआवर चाललेली. कचेरी दुसऱ्या इमारतीत जाणार होती. टेबलं, खुर्च्या, फायली सगळं ट्रकात चढत होतं आणि गॅलरीच्या टोकाला, कचऱ्याच्या पिंपाशेजारी, अकरा कुंड्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. रबराच्या झाडाला मोजून तीन पानं. जास्वंद म्हणजे नुसती काठी. 'सासूची जीभ' म्हणतात ते ताठ पट्टेरी पानांचं झाड चीजच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं, आणि त्याच्या मातीत सिगारेटची थोटकं खोचलेली.

"हे कुठे चाललंय?" तिनं हमालाला विचारलं.

"कचऱ्यात."

"अहो, जिवंत आहेत की!"

"तुम्हाला दिसतात का जिवंत? मग न्या बाई. माझी तेवढी पायपीट वाचेल."

खाली तिचा नवरा देंचो गाडी घेऊन उभा होता. बेकरीत जन्म काढलेला, गोल पोटाचा, शांत माणूस. बायकोच्या निवृत्तीसाठी त्यानं स्वतः केक केला होता आणि तो मागच्या सीटवर ठेवला होता. त्सोन्कानं केक उचलून त्याच्या मांडीवर दिला आणि मागे कुंड्या लावायला घेतल्या.

"मी तुला न्यायला आलोय," देंचो म्हणाला, "जंगलाला नाही."

"गाडी चालव. आणि वळणावर सांभाळून, रबराची मान खिडकीबाहेर आहे."

अशी ती वरात आली. केक मांडीवर घेऊन गाडी चालवल्यामुळे देंचोच्या सदऱ्याला क्रीम लागलेलं होतं, आणि त्सोन्का चार मजले कुंड्या चढवताना प्रत्येक मजल्यावर थांबून हसत होती. का हसतेय ते तिलाही सांगता येईना. मी दोन कुंड्या धरल्या आणि मलाही हसू फुटलं.

मग तिनं त्या झाडांना जवळजवळ मारलंच.

एकतीस वर्षांचा जोर होता अंगात, तो सगळा झारीत उतरला. सकाळी पाणी, दुपारी पाणी, जेवल्यावर पाणी. थंडी वाजू नये म्हणून कुंड्या खोली तापवणाऱ्या रेडिएटरला चिकटवून ठेवलेल्या. वर रोज एकेका झाडाशी गप्पा. तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागली आणि घरात डबक्यासारखा वास सुटला. कोरफड तर हातात घेतली तशी मधूनच चिखलासारखी वाकली.

"मी इतकं करतेय यांच्यासाठी!" ती माझ्या दारात उभी राहून म्हणाली. डोळे भरलेले.

"तू इतकं करतेयस, तेच होत असेल," मी म्हटलं.

कोरफड टाकून द्यायला तिनं कुंडी उपडी केली, तेव्हा बुडाला चिकटपट्टीवर निळ्या शाईत लिहिलेलं दिसलं: 'हात लावू नये. एव्दोकिया, टपाल विभाग.' बाकीच्या दहा उचलून पाहिल्या. सगळ्यांच्या बुडाला तेच अक्षर, तीच धमकी.

बंदरावरच्या जुन्या लोकांना विचारून त्सोन्कानं नंबर मिळवला. एव्दोकिया आता एक्याऐंशी वर्षांची होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहत होती. त्सोन्काचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावलेला असतो, त्यामुळे पहिलं बोलणं मीही ऐकलं. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे 'लेल्या', म्हणजे मावशी, म्हणतात.

"लेल्या एव्दोकिया, मी त्सोन्का बोलतेय, दोन नंबरच्या क्रेनवरची. तुमची झाडं माझ्याकडे आहेत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझी झाडं? ती मेली नाहीत अजून?"

"एक मेलं. आज सकाळी."

"कोणतं?"

"कोरफड."

"कोरफड? कोरफड मरत नाही गं! कोरफड मारावी लागते! किती पाणी घालत होतीस?"

त्सोन्कानं सांगितलं. पुढची पाच मिनिटं इथे लिहिण्यासारखी नाहीत. बंदरावर आयुष्य काढलेल्या बाईची जीभ ती. त्सोन्का मान खाली घालून ऐकत होती, आणि हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं, की मला कळेचना. नंतर म्हणाली, "अगं, वर बसून क्रेन चालवताना खाली एक माणूस लागतो. तो हात करतो, डावीकडे, अजून, थांब. तो नसला की मी आंधळी. आज मिळाला मला माणूस."

त्या दिवसापासून रोज सकाळी दहा वाजता फोन.

"बोट मातीत खुपस. दुसऱ्या पेरापर्यंत. ओलं लागतंय? मग झारीला हात लावायचा नाही. बोट काढ."

"काढलं."

"सासूच्या जिभेच्या डब्याला खाली भोक आहे?"

"नाही."

"नाही? चीजच्या डब्यात मीच लावलेलं ते, आणि भोक मीच पाडलं होतं खिळ्यानं. गंजून बुजलं असेल. हातोडी आण."

हातोडीचा आवाज झाला, देंचोची किंकाळी झाली, कारण डबा त्यानं धरला होता. पण भोक पडलं, आणि काळं पाणी वाटीभर बाहेर आलं. सडलेली मुळं कापली, चांगली ठेवली, कोरड्या मातीत पुन्हा लावली. पानांवरची वर्षांची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. दहाच्या दहा झाडं न्हाणीघरात आणून त्यांना कोमट पाण्याची अंघोळ घातली, आणि देंचोला दोन दिवस माझ्याकडे अंघोळीला यावं लागलं. साबण बगलेत धरून तो दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "आमच्याकडे पाहुणे आहेत."

डिसेंबरात रबराच्या खोडावर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले. एव्दोकियानं फोनवरूनच ओळखलं. "पिठ्या ढेकूण! कापसाचा बोळा घे, स्पिरिटमध्ये बुडव, एकेक ठिपका पूस."

घरात स्पिरिट नव्हतं. देंचोच्या भावानं गावाकडून पाठवलेली, दोनदा गाळलेली आलूबुखाऱ्याची दारू होती, आगीसारखी. संध्याकाळी देंचोनं सॅलड चिरलं, पेला काढला, बाटली उचलली आणि उजेडात धरली.

"त्सोन्का! ही अर्धी कशी झाली?"

"रबराला दिली."

देंचोनं रबराच्या झाडाकडे बघितलं. मग उरलेल्यातली पेल्यात ओतून पेला झाडासमोर उंचावला आणि म्हणाला, "घ्या, तुमच्या तब्येतीला." त्यानंतर तोही झाडांचं नाव निघालं की कान टवकारायला लागला.

जास्वंदीची काठी मात्र काठीच राहिली. जानेवारी गेला, फेब्रुवारी अर्धा गेला. देंचो म्हणाला, टोमॅटोच्या रोपांना आधाराला बरी होईल. त्सोन्कानं कचरत कचरत एव्दोकियाला सांगितलं, ही गेली बहुतेक.

"नखानं खरवडलीस?"

"काय?"

"साल, साल! वरून नको, बुंध्याशी. नख लाव आणि सांग काय दिसतं."

त्सोन्कानं नख लावलं. मी यंत्रावर पडद्याला दुमड घालत होते. समोरच्या दारातून जी आरोळी आली, तिनं माझी शिवण तिरकी गेली.

"हिरवी! हिरवी आहे! आतून हिरवी!"

पायात मोजे, हातात कुंडी, अशी ती जिन्यात धावली, आणि तिच्यामागे मी. सगळ्या दारांवर थापा. तिसऱ्या मजल्यावरच्या सुईणबाईंना दाखवलं, दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमनला तो बूट चढवत असताना दाखवलं. "बघा, बघा, आतून हिरवी आहे, मेलेलं सोंग घेऊन बसली होती सटवी!" पोस्टमननं वाकून बघितलं, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाला, "अभिनंदन. मुलगा की मुलगी?" या विनोदावर त्सोन्का इतकी हसली की पायरीवर बसली, कुंडी मांडीत, आणि तिला उठवायला पोस्टमन आणि मी, दोघं लागलो.

पहिल्या मार्चला आम्ही सगळे मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधतो. करकोचा दिसला की तो सोडून फुललेल्या झाडाला बांधायचा. त्सोन्कानं करकोच्याची वाट बघितली नाही. काठीला मिरीच्या दाण्याएवढा पहिला कोंब आला, त्याच सकाळी दोरा तिथे बांधून मोकळी झाली. देंचोनंही बांधला. मग मीही.

एप्रिलअखेर दहाच्या दहा झाडांना नवी पानं होती. त्सोन्कानं फोन करून एव्दोकियाला जेवायला बोलावलं. "या आणि डोळ्यांनी बघा."

एव्दोकिया टॅक्सीतून उतरली ती काठी टेकत, जांभळ्या कोटात, चिमणीएवढी. जिन्याशी आली, वर बघितलं आणि विचारलं, "लिफ्ट?"

लिफ्ट आमच्या इमारतीत कधीच नव्हती. आणि तिचे गुडघे चार पायऱ्यांचेही नव्हते, चार मजल्यांची तर गोष्टच सोडा. आम्ही तिघं वरून बाल्कनीतून बघत होतो. देंचो म्हणाला, खुर्चीत बसवून वर आणू. एव्दोकियानं खालूनच काठी हलवली. "मी काय पोतं आहे?"

त्सोन्काचे डोळे चमकले. "मग माल खाली येईल!"

बाल्कनीत कपडे वाळत घालायचा लोखंडी दांडा होता. तिनं तो हलवून बघितला, माझ्याकडून जाड कापडाचे पट्टे मागून घेतले, देंचोच्या गाडीतला ओढायचा दोर आणला, पट्ट्यांची झोळी शिवून घेतली. मी तिथेच उभी राहून दुहेरी शिवण घातली. पहिली निघाली जास्वंद. त्सोन्कानं दोर दांड्यावरून घेतला, हाताला वेढे दिले आणि खाली ओरडली, "लेल्या, हात करा!"

एव्दोकियानं बंदरावर टपाल वाटत वाटत हे हात हजारदा बघितले होते. काठी बगलेत मारून तिनं दोन्ही हात वर केले. हळू. हळू. डावीकडे. थांब, वारा आहे. आता. जास्वंद लाल-पांढरे दोरे मिरवत तिसऱ्या मजल्यावरून गेली, दुसऱ्या मजल्यावरून गेली. पोस्टमन खिडकीतून तिला सलाम करत होता. आणि ती एव्दोकियाच्या पुढ्यात अशी अलगद टेकली, की पान हललं नाही. अंगणात जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. एव्दोकिया एकेका पानावरून बोट फिरवत राहिली.

मग वर बघून ओरडली, "पुढचं!"

दहाही उतरवली. दुपार त्यातच गेली. पाहुणी वर येत नाही म्हटल्यावर जेवणही खाली आलं. देंचोनं भाजलेल्या मिरच्या, बीनचं सूप आणि पातळ थरांत चीज भरून भाजलेली बनित्सा अंगणातल्या अक्रोडाखालच्या बाकावर मांडली. एव्दोकियानं दोन घास खाल्ले आणि कात्री मागितली. ज्या रबराला एवढ्या कष्टानं वाचवलं, त्याचा शेंडा तिनं एका झटक्यात उडवला. त्सोन्का किंचाळली.

"ओरडू नकोस. हा पाण्यात ठेव, मुळं फुटतील. आणि खालून दोन फांद्या येतील. इतके दिवस याला कुणी कापलंच नाही, म्हणून असा बांबू झालाय."

संध्याकाळी टॅक्सीत बसताना त्सोन्कानं तिला म्हटलं, हवी ती कुंडी न्या, तुमचीच आहेत. एव्दोकियानं मान हलवली. "मला नकोत. मला रोजचा दहाचा फोन पुरतो."

कुंड्या वर चढवायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं. त्या अक्रोडाखालीच राहिल्या आणि उन्हाळाभर तिथेच खुशाल होत्या. येता-जाता प्रत्येक जण मातीत बोट खुपसून बघायचा. जूनमध्ये एका सकाळी जास्वंदीला एकदम चार कळ्या दिसल्या. दहा वाजायला बराच अवकाश होता. त्सोन्काला कुठला धीर! तिनं अंगणातूनच फोन लावला.

"चार!" ती ओरडली. नाव नाही, गाव नाही, नुसतं "चार!"

"मोजता येतं का तुला नीट?" एव्दोकियाचा आवाज अंगणभर घुमला. "फोन ठेव. टॅक्सी बोलवायचीय मला."