विमानाने शोधलेली म्हैस

अद्भुत अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्या कुणाचाच असल्या गोष्टींवर विश्वास नसतो, असं दिसतं. माझाही नाही. मी तळेगाव दाभाड्यात राहतो, कारखान्यातून रिटायर झालोय आणि रिसीव्हरवर विमानांचं बोलणं ऐकणं हा माझा एकमेव छंद.

मागच्या सप्टेंबरची गोष्ट. ढगांचा अभ्यास करणारं एक विमान मावळावर फिरत होतं... चाळीस हजार फुटांवर. उंचावर आवाज स्वच्छ मिळतो, म्हणून मी लोहगडवाडीत हमीदा मावशींच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. भर दुपार, पण धुक्यात समोरचा गडच गायब! चार ट्रेकर पोरं भजी खात होती. कुणी विचारलं नसताना मी त्यांना माहिती देत होतो — वैमानिक ऐकलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवतात, चूक राहू नये म्हणून.

मावशींचं लक्ष नव्हतं. त्यांची म्हैस सकाळपासून बेपत्ता होती. पहिलारू, दिवस भरलेली... आणि रानात बिबट्या.

अचानक त्यांनी माझा रिसीव्हर उचलून तोंडाशी धरला. "ओ वरचं भाऊ! माझी म्हैस दिसती का बगा की. काळी हाय, कपाळावर चांद. लय बुजती, जरा लांबनंच बगा!"

पोरं हसून लोळली.

"मावशी, यातून फक्त ऐकू येतं," मी म्हणालो. "बोलायची सोयच नाही यात."

"आवं, गप ऱ्हावा की जरा."

खरखर... आणि मग एक शांत आवाज, चक्क मराठीत — "काळी म्हैस, कपाळावर चांद. बुजते, लांबून बघावी. खिंडीच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीत. दोघी आहेत."

"दोघी? माझी तर येकच हाय," म्हणत मावशी पदर खोचून निघाल्या. आम्ही सगळे मागे.

जाळीत म्हैस उभी होती. पायाशी ओली, थरथरणारी पारडी! मावशी एकाच वेळी हसत, रडत आणि म्हशीला शिव्या देत होत्या. पोरांनी आळीपाळीने पारडी उचलून वाडीत आणली. मी रिसीव्हर सांभाळला.

नंतर विमान क्षेत्रातल्या एका मित्राकडे चौकशी केली. त्या दिवशी विमानात मराठी येणारं कुणीही नव्हतं, आणि खाली ढगांशिवाय काही दिसत नव्हतं. रिसीव्हरही उघडून पाहिला. आवाज बाहेर पाठवणारा एकही भाग त्यात नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही... अजूनही नाही.

मावशींना त्याची गरजच वाटली नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खरवसाची वाटी माझ्यापुढे ठेवली.

"भाऊ, इतकी वरसं नुसतं ऐकतच बसलाय व्हय? कवा कुनाला काय इचारलंच न्हाई?"

मी आणखी एक वाटी मागितली.