किल्ल्यांचा आवाज

चाळिशी उलटल्यावर मी संशोधनाला नाव नोंदवले. शाळेतून अभ्यासरजा घेतली आणि पांढुर्ण्याहून गाडीने नागपूरला जाऊ लागले. ताण आणि औषधे यांमुळे दारूचा परिणाम कसा बदलतो, हे प्रयोगशाळेतल्या उंदरांवर पाहायचे होते. विषय ऐकून लोक हसत. सर्वांत जास्त हसे माझा धाकटा भाऊ.

"ताई, तू उंदराइले फुकट पाजून राहिली, अन् सख्ख्या भावाले म्हणते गोळ्या घे! पुढच्या जन्मी मले तुह्याच पिंजऱ्यात टाकजो."

तो सौंसरला आईजवळ राही. बाबांच्या मागे कापडाचे दुकान त्याच्या अंगावर पडले आणि त्या धास्तीतच तो पिऊ लागला. पुढे रोज सकाळपासून. अखेर डॉक्टरांनी गोळ्या देऊन दारू हळूहळू कमी करत आणली होती. गोळ्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत, असे त्यांनी माझ्यादेखत बजावले होते.

प्रयोगशाळेत मी एवढे शिकले होते की दारू एकटी कधी काम करत नाही. समोरचे शरीर किती भेदरलेले आहे, त्यात कोणते औषध आधीच पोचले आहे, यावर पुढचे ठरते. बरेच दिवस दारू दिलेल्या उंदरांची दारू एकदम बंद करत आणि पिंजऱ्यावर किल्ल्यांचा जुडगा वाजवत. भावाच्या गोळ्यांसारखेच औषध मिळालेला उंदीर नुसते कान टवकारी. न मिळालेल्याला त्या आवाजाने झटका येई. हे काम मी इतके दबकत करी की आमच्या मार्गदर्शक म्हणत, "मॅडम, त्यांची झोपमोड होईल म्हणून भिता का?"

एका रविवारी दुपारी मी सौंसरला गेले. आईचा चेहरा कितीतरी वर्षांनी उजळला होता. भाऊ दोन दिवसांपूर्वी जामसांवलीला जाऊन मारुतीपुढे शपथ घेऊन आला होता. तेव्हापासून थेंब नाही. मला प्रसाद देताना त्याचा हात थरथरत होता. स्वयंपाकघरात ताट पडले तसा तो अंगभर दचकला.

"गोळ्या घेतोस ना?" मी विचारले.

"त्याबी सोडल्या. नशा सोडतो म्हटलं देवापुढं. मंग अर्धी काऊन ठेवू?"

"गोळी म्हणजे नशा नव्हे रे. आत्ताच्या आत्ता घे."

"नाल्यात फेकल्या, ताई." तो हसला. कपाळावर घाम होता.

"आता कुठं सुधरून राहिला तो," आई म्हणाली, "तू अपशकून नको करू."

आयुष्यात कधी नव्हे ते मी आईवर आवाज चढवला. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, लगेच घेऊन या. शेजाऱ्यांनी गाडी काढली. घराला कुलूप लावायचे म्हणून आईने खुंटीवरचा जुडगा ओढला. घराच्या, दुकानाच्या, बाबांच्या कपाटाच्या किल्ल्या खळकन वाजल्या. भावाने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि तो कोसळला.

किल्ल्यांमुळे झाले नाही, हे मला ठाऊक आहे. ते कशानेही झाले असते. गाडीत झटके थांबेचनात. वाटेतले बोरगाव मागे पडल्यावर थांबले, आणि त्यांच्याबरोबर त्याचा श्वासही.

भेटायला आलेला जो तो आईला सांगे, "शब्द पाळून गेला पोरगा." आई मान हलवी. "पिऊन नाही गेला माहा लेक," एवढेच ती धरून बसली होती. तेरवीनंतर मी निघाले, तेव्हा तिने बोट धरून मला जवळ बसवले.

"तू तर शिकलेली हाय वं. खरं सांग. शपथीनं तर नाही ना गेला तो?"

तीच त्याला जामसांवलीला घेऊन गेली होती. गोळ्या नाल्यात पडल्या तेव्हा शेजारी उभी राहून तिने हात जोडले होते. माझ्याजवळ खरे उत्तर होते, नीट जुळवलेले, कारणांसह.

"नाही, आई. त्याचं शरीरच थकलं होतं."

तिने माझे बोट सोडले. मग कमरेला खोवलेला तोच जुडगा काढून माझ्या हाती दिला. दुकान आता उघडायचे कुणी? मी तो मुठीत घट्ट आवळला. पांढुर्णा येईपर्यंत एकही किल्ली वाजू दिली नाही.