नाव जुन्याच क्वार्टरवर

बाबा निवृत्त झाले तेव्हा टाउनशिपमधला क्वार्टर सोडून आम्ही शहरातल्या अयोध्या नगर वस्तीत राहायला आलो. गॅस, बँक, रेशन, सगळीकडचा पत्ता बदलला. मतदार यादीतलं नाव तेवढं बाबांनी जुन्याच क्वार्टरवर राहू दिलं. असं करणारे ते एकटे नव्हते. त्यांच्या क्वार्टरच्या लाइनीतले कुणी सोनागिरी कॉलनीत गेले, कुणी मुलाकडे. पण मत द्यायला सगळे टाउनशिपच्या शाळेत यायचे. आधी कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा, मग सगळ्यांनी मिळून रांगेत उभं राहायचं, मग पोहे-जिलेबी. मी अठरा वर्षांचा झालो तेव्हा माझंही नाव बाबांनी त्याच पत्त्यावर घातलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. राज्यशास्त्र शिकत होतो, त्यामुळे मला वाटायचं की माणूस आधी विचार करतो आणि मग मत देतो. बाबांचे विचार तर मला पाठ होते. ते कारखान्यात वेल्डर होते, कायम नोकरीत. कंत्राटी भरती सुरू झाली तेव्हा त्याविरुद्ध गेटवर घोषणा देत उभे राहिले होते. मोठा भाऊ मंडीदीपच्या कारखान्यांत वेल्डिंगच करतो, पण ठेकेदाराकडे. आज काम आहे, उद्याचं सांगता येत नाही. जेवताना बाबा म्हणायचे, "ही ठेकेदारी बंद झाली पाहिजे." आणि दर वेळी मत द्यायचे ते ठेकेदारी वाढवू असं उघड सांगणाऱ्या पक्षाला.

त्या निवडणुकीआधी मी त्यांना विचारलं. जरा घाबरतच.

"बाबा, तुम्हाला त्या पक्षाचं पटतं का?"

"नाही."

"मग?"

"पक्षाचं सोड. काका आहेत ना."

काका म्हणजे क्वार्टरमधले आमचे शेजारी, मूळचे ग्वाल्हेरचे, त्या पक्षाचे जुने कार्यकर्ते. आई आजारी होती तेव्हा हॉस्पिटलमध्ये खाट मिळेपर्यंत ते डॉक्टरांच्या दारातून हलले नव्हते. ती गेली तेव्हा मी त्यांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलो होतो. हे मलाही कसं नाकारता येणार? मी एवढंच म्हणालो, "पण दादाचं काय?"

बाबा ताटातली पोळी नुसतीच मोडत राहिले. मग म्हणाले, "या वेळी बघतो."

मतदानाच्या दिवशी दादा नेहमीसारखा डबा घेऊन कामावर गेला. ठेकेदाराने सुट्टी दिली नव्हती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आम्ही स्कूटरवरून टाउनशिपला गेलो. आमच्या क्वार्टरच्या खिडक्या कुणीतरी काढून नेल्या होत्या. अंगणात गाजरगवत माजलं होतं. टपरीवर मात्र सगळे जमले होते. म्हणजे, जे उरले होते ते सगळे.

"क्या भाऊ, लेट कर दिया!" काका लांबूनच ओरडले. "आता काय तुमच्यासाठी पालखी पाठवायची?"

"गुडघे रिटायर झाले हो," बाबा म्हणाले.

"तुमचे आत्ता झाले? माझे तर नोकरीत असतानाच व्हीआरएस घेऊन बसले." मग माझ्याकडे वळून, "और साहब, पहिलं मत ना? चला, आपल्या लाइनीचं एक वाढलं!"

मी हसलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मतदानाच्या खोलीच्या दारापर्यंत तो काढला नाही. आत यंत्रासमोरही तो हात खांद्यावर आहे असंच वाटत होतं. मला दादा आठवला आणि मी बटण दाबलं. बाहेर आल्यावर काकांनी जिलेबीचा तुकडा माझ्या तोंडात घातला. मी तो खाल्ला, पण गोड लागला नाही.

परतताना बाबांनी विचारलं, "तू दुसऱ्यांना दिलंस ना?"

"हो."

"बरं केलंस." पुढच्या चौकात म्हणाले, "मला नाही जमलं रे. पंगतीत बसल्यावर मला वेगळं वाढा, असं म्हणवत नाही."

"पण आत तर तुम्ही एकटेच होतात, बाबा."

"कुठे एकटा होतो?"



संध्याकाळी दादा आला. बाबांनी कागदात बांधून आणलेली जिलेबी त्याच्यापुढे ठेवली. "टपरीच्या बाजूचीच ना? अजून तशीच आहे चव," तो म्हणाला आणि बोटं चाटू लागला. त्याच्या बोटावर शाई नव्हती. बाबा तिकडे बघत बसले होते.

पुढे दादाचं ते काम गेलं. एका मताने ते वाचलं नसतं, असं मी बाबांना बरेचदा सांगितलं. ते मान हलवतात. पण दादा घरात असला की निवडणुकीचा विषय ते काढू देत नाहीत.