सोनेरी मासा सुस्त का पडला होता

मंडळी, माझ्या घरच्या माशांच्या पेटीची लोखंडी अँगलची चौकट मीच जोडली, पुट्टी भरून काचा मीच बसवल्या, ट्रकच्या जुन्या ट्यूबमधून पाण्यात हवा सोडायची सोयही माझीच. कोणी शिकवलं नाही. म्हणून आजचा प्रकारही वाचनालयाच्या फळ्यावर मीच लिहितो.

परवा नागपूरहून सोनेरी मासा एस.टी.त मांडीवर धरून आणला. आज सकाळी तो तळाशी पडून होता, कल्ले जेमतेम हलत होते. प्रवासाचा शीण, असं मी निदान केलं आणि हवा वाढवली.

शेजारचे दसरूभाऊ जंगलातल्या गावचे. त्यांनी पाणी हुंगलं.

"भाऊ, मोहाची ढेप टाकली का यात?"

"काल. मोहाच्या बियांचं तेल काढून उरलेला चोथाच तो. पाणवनस्पतींना खत म्हणून, मूठभर."

"अरे बाप्पा! आमी नाल्यात ढेप टाकूनच मासे धरतो. गुंगी येते त्याहिले. तुमाले कोणी सांगतलं नाई?"

मी कोणाला विचारलंच नव्हतं. पाणी बदलेपर्यंत मासा गेला.

दुपारी खाणीतले एक साहेब पेटी विकत मागायला आले. पुट्टीत ढेपेचा अंश राहतो का, तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे? मला नाही. म्हणून मी पेटी दिली नाही. साडेतीनशे रुपये देत होते.