बर्फगाडीचं तेल

हसनभाई गेल्याचं त्यांच्या धाकट्या मुलीनं फोनवर सांगितलं. "अब्बा पडवीत बसले होते. मी चहा घेऊन आले, तोवर मान कलली होती." मग जरा थांबून म्हणाली, "घरच्यांनंतर पहिला फोन तुम्हाला करायचा, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं…" मी ऑफिसात होतो. पुढ्यातलं काम बाजूला सारलं आणि त्या दिवशी पुन्हा हातात घेतलं नाही. आता दीड महिना होत आला. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की एकच गुरुवार डोळ्यांसमोर येतो आणि बाकीचे हसनभाई, मासळी साफ करताना गावच्या गजाली सांगणारे, माझ्या अरबीची टर उडवणारे, मागे राहून जातात. म्हणून तो गुरुवारच आधी लिहून टाकतो.

मी मूळचा नाशिकचा. तेव्हा रियाधला एका वंगणतेलाच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळत होतो. बत्हा बाजारातल्या एका खानावळीत घरच्यांशी फोनवर मराठीत बोलून मी जेवायला बसलो, तर समोरच्या माणसानं सरळ माझा हात धरला आणि बोटं नाकाशी नेली. "टू-स्ट्रोकचं तेल," तो मराठीत म्हणाला, "आणि साबण स्वस्तातला." मी चिडलोच. पण अंदाज दोन्ही बाबतीत बरोबर होता, त्यामुळे भांडायला जागा उरली नाही. हसनभाई दाभोळच्या खाडीकाठचे. होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती आणि कुठल्या होडीत कसलं तेल जळतंय हे ती दिसायच्या आधी ते वाऱ्यावरून सांगत. रियाधबाहेर एका म्हाताऱ्या सौदी मालकाच्या वाडीवर ते पंप सांभाळत होते. त्या दिवशी ते तेलवाला माणूसच शोधत होते.

मालकांना सगळे अबू फहद म्हणायचे, म्हणजे फहदचे वडील. फहद एकुलता एक. कॅनडात शिकायला गेला आणि तिथल्या निसरड्या रस्त्यावर मोटार घसरून वारला. त्याला माती देऊन चारेक महिने झाल्यावर त्याचं सामान जहाजानं आलं. पुस्तकं, एक जाडजूड जाकीट आणि मोठ्या खोक्यात बर्फावर पळवायची गाडी. पुढे चाकांऐवजी दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, वर स्कूटरसारखं हँडल. रियाधच्या पंचेचाळीस डिग्रीत ही बर्फगाडी गॅरेजात उभी. जाकिटाला तिच्या धुराचा वास होता आणि तो दिवसेंदिवस उडत चालला होता. "मालक मना म्हणाले, हसन, गाडी चालू कर आणि हा वास परत आण," हसनभाई सांगत होते. "पोराचा तेवढाच उरलाय, साहेब."

टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलबरोबर जळतं, त्यामुळे जसं तेल तसा धूर आणि तसाच वास. मला हा प्रश्न अगदी किरकोळ वाटला. चार तेलांची माहितीपत्रकं मागवली, कडाक्याच्या थंडीतही पातळ राहणारं कुठलं ते पाहिलं आणि एकावर खूण केली. हसनभाईंनी कागद उलटसुलट केला, हुंगला आणि परत दिला. "कागदाला वास नाय हो, साहेब." गाडीच्या टाकीत तळाला राहिलेलं घोटभर जुनं तेल त्यांनी अत्तराच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. त्याचा एक थेंब तापल्या तव्यावर टाकायचा, मग माझ्या बाटलीतला एक, आणि डोळे मिटून बसायचं. होड्यांचं तेल बाद झालं, स्कूटरचं बाद झालं. माझं खुणेचं तेलही बाद झालं, आणि मी दोन दिवस फुरंगटून बसलो. शेवटी चौथं, जे मी केवळ संख्या भरावी म्हणून आणलं होतं, ते त्यांनी उचललं.

दर गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजानंतर गाडी लाकडी ओंडक्यांवर चढवून चालू करायची. रबरी पट्टा हवेतच गरगर फिरायचा. अबू फहद समोर खुर्चीवर, मांडीवर जाकीट. तव्यावर बाद झालेली तेलंही खात्रीसाठी गाडीत घालून पाहिली होती, तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली होती. चौथं तेल घातलं त्या गुरुवारी ते उठून उभेच राहिले. रिकाम्या सीटकडे बघत काहीतरी बोलले. हसनभाईंचा चेहरा उतरला. "काय म्हणाले?" मी विचारलं.

"दार लाव म्हणतात… पोराला थंडी वाजते."

बाहेर झळा मारत होत्या. 

हसनभाईंनी पाच मिनिटांत इंजिन बंद केलं आणि वेळ निभावली. पण पुढच्या गुरुवारी मी नसताना म्हाताऱ्यानं एकट्यानंच गाडी चालू करून शटर ओढून घेतलं. इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो, त्याला वासच नसतो. हसनभाईंना शटरमागून घरघर ऐकू आली म्हणून बरं. त्यांनी म्हाताऱ्याला काखेत हात घालून ओढत बाहेर आणलं. शुद्धीवर आल्यावर अबू फहद काय म्हणाले असतील? "पुन्हा शटरला हात लावलास, तर दुसरा माणूस आणीन."

दुसऱ्या दिवशी हसनभाई माझ्या खोलीवर आले. आयुष्यात कुणाच्या इंजिनात खोटं तेल न घातलेला हा माणूस खाली मान घालून म्हणाला, "साहेब, मना चुकीचं तेल द्या. धूर नाय, वास नाय, असलं. वास आला नाय तर ते बसायचे नाय तिथं." मी म्हटलं, गाडीच बिघडवून टाका ना. "मग दुसरा मेकॅनिक येईल. त्याला काय ठाव, आत काय चाललंय?" आणि मग जे बोलले ते माझ्या मनातून अजून जात नाही. "पोराला बापापासून तोडतंय मी. पण बाप जगायला हवा."

मी जवळपास बिनवासाचं तेल दिलं. माझ्यासमोर त्यांनी टाकी धुतली, नवं पेट्रोल मिसळलं आणि म्हाताऱ्याला कळू नये म्हणून डबा मात्र जुनाच ठेवला. गुरुवारी मीही गेलो. अबू फहदनी आम्हा दोघांना आत घेतलं, शटर खाली ओढलं आणि खुर्ची त्याला टेकवून बसले. वास आला नाही की मिनिटभरात उठतील, असा आमचा हिशेब होता. मी नाकातोंडावर रुमाल धरून गाडीच्या एका बाजूला, हसनभाई दुसऱ्या बाजूला इंजिनावर वाकलेले.

गाडी चालू झाली. धूर जवळजवळ नव्हता. आणि तरीही वास आला. तोच, चौथ्या तेलाचा, रुमालातून आत शिरणारा… नंतर मी टाकीतला नमुना प्रयोगशाळेत दोनदा तपासला. माझंच बिनवासाचं तेल होतं. 

म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्यांनी जाकीट सीटवर ठेवलं आणि डोळे मिटून घेतले. माझं डोकं जड व्हायला लागलं. शटरशी जायचं तर आधी त्यांना उचलावं लागणार होतं. मी एक पाऊल टाकलं आणि तेवढ्यात इंजिनाच्या घरघरीतून हलका, तरण्या माणसाचा आवाज आला, "खल्ल इल-बाब मफ्तूह, युब्बा." शब्द कानात बसले; अर्थ मी नंतर ऑफिसातल्या एका अरबाला विचारला: दार उघडं राहू द्या, बाबा.

अबू फहदनी डोळे उघडले.  मग उठले, खुर्ची सरकवली आणि दोन्ही हातांनी शटर पार वरपर्यंत नेलं.

त्यानंतर त्या गॅरेजचं शटर गुरुवारी कधी खाली आलं नाही. म्हातारा पुढे कित्येक वर्षं जगला. हसनभाई शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसत, आणि सुट्टीवर गावी जायची वेळ आली तरी गुरुवार उरकूनच निघत. त्या आवाजाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. धाडस करून हसनभाईंनी मुलाचा आवाज काढला, म्हाताऱ्याला फसवलं आणि ते त्यांना लागून राहिलंय, असं मी धरून चाललो होतो. हा त्यांचा मोठेपणा मी मनात जपला. त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून विषय काढला नाही.

गेल्या वर्षी मी दाभोळला गेलो, तेव्हा ते थकले होते. निघताना त्यांनी माझा हात धरला, पहिल्या दिवशी धरला होता तसाच, पण हुंगला नाही. "साहेब, एक सांगायचं राहिलं. त्या गुरुवारी तुम्ही बोललात म्हणून म्हातारा जगला. माझी तर दातखीळ बसली होती. इतकं साफ अरबी तुम्ही कुठं शिकलात, ते मी मुद्दाम विचारलं नाय. तुम्हाला बरं वाटलं नसतं…"

माझं अरबी 'यल्ला' आणि 'खलास' यांच्या पुढे कधी गेलं नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ते माझ्याकडे इतक्या मायेनं, इतक्या निश्चिंत मनानं बघत होते की मी मान डोलावली. हो म्हणालो. एवढी वर्षं त्यांनी तो आवाज माझा समजून निश्चिंतपणे काढली होती, आणि मी तो त्यांचा समजून.

परवा चाळिसाव्याला जाऊन आलो. जेवणं झाल्यावर बायका आत होत्या, पुरुष मशिदीकडे गेले होते. पडवीत त्यांच्या खुर्चीसमोर मी एकटाच होतो. म्हटलं, "हसनभाई, तो मी नव्हतो." मोठ्यानं म्हटलं. मग उगाच, कान देऊन थांबलो… काही ऐकू आलं नाही. मी चपला घातल्या आणि खरं सांगतो, जवळजवळ पळतच अंगण ओलांडलं.